वरची उजवी दाढ

‘जुळत नाही गं,’ शिडी फोनवर म्हणाली, आणि तिला आधी बरंच वाटलं. मंगळवारची दुपार होती. खुर्चीत एक गवंडी तोंड उघडून बसला होता, त्याच्या गालात कापसाचा बोळा होता, आणि तिचे दोन्ही हात रबरी मोज्यांत असल्यामुळे दवाखान्यातल्या मदतनीस मावशींनी फोन तिच्या कानाशी धरला होता. ‘चांदी भरलेली दाढ तुझ्या कार्डावर डावीकडे आहे, इथे उजवीकडे. बाकी बरंचसं जमतंय, पण एक न जमणारी गोष्ट दहा जमणाऱ्यांना खाऊन टाकते. म्हणजे या त्या बाई नव्हेत. पोलिसांना कळवलंय मी, ते आजच मुलीला सांगतील.’ ‘चला, बरं झालं,’ ती म्हणाली. गवंड्यानं डोळे वर करून आशेनं तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, आपल्या दाढेचं काहीतरी बरं झालं.

शिडी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. उंचीवरून पडलेलं नाव पन्नाशी आली तरी सुटलं नव्हतं. सरकारी इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, बेवारस मृतदेहांची ओळख दातांवरून पटवण्याच्या विभागात ती होती. तीन आठवड्यांपूर्वी शहराबाहेरच्या तळ्याच्या काठी, वेतासारख्या उंच गवतात, जमीन मोजणाऱ्या माणसांना एका वयस्क बाईचा सांगाडा सापडला होता. सात महिन्यांपूर्वी तिच्या एक जुन्या पेशंट, छापखान्याची प्रुफं तपासायच्या म्हणून प्रूफवाल्या बाई, घरातून निघून गेल्या होत्या. विसरायला लागल्या होत्या त्या, आधी नावं, मग रस्ते. मुलीनं पोलिसांना दिलेल्या माहितीत दाताच्या डॉक्टरचं नाव होतं, म्हणून कार्ड मागायला एक हवालदार दवाखान्यात आला होता. ‘हल्ली रक्ताची तपासणी करून कळतं ना सगळं?’ तिनं त्याला विचारलं होतं. ‘कळतं की,’ हवालदार म्हणाला, ‘पण मुलगी दत्तक आहे. दोन वर्षांची असताना आणलेली. आणि बाईंना दुसरं कुणी नाही. रक्ताचं नातंच नाही, म्हणून दातांवर आलंय सगळं.’ तिनं कपाट उघडून कार्ड काढून दिलं. एक्स-रे आहे का विचारल्यावर, जुन्या फिल्म कॉम्प्युटर आला तेव्हाच टाकल्या, असं बिनदिक्कत सांगितलं. हवालदारानं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पावती दिली. तेवीस वर्षांत तिच्या अक्षराला कुणी अशी पिशवी घातली नव्हती.

गवंडी गेला, त्याच्यामागून एक लहान मुलगी आईचा पदर धरून आली, मग कवळी घासून घ्यायला आलेले एक आजोबा. हात आपापलं काम करत राहिले. पण त्या ‘बरं झालं’चा शेवटचा भाग तिच्या तोंडात राहिला होता, फळाचं साल दातांत अडकावं तसा. बरं काय झालं? बाई जिवंत असतील, हे बरं झालं? की बाई मेल्या असल्या तरी त्यांचं मरण आपल्या कार्डावर लिहिलं गेलं नाही, हे बरं झालं? तिला उत्तर आवडलं नाही, म्हणून तिनं प्रश्न सोडून दिला. पण जीभ जशी पडलेल्या दाताच्या जागी पुन्हा पुन्हा जाते तसं मन तिथेच जाऊ लागलं. बुधवारी गेलं. गुरुवारी दोनदा गेलं. आणि दर वेळी ते बाईंपासून निघून शिडीपाशी, आणि शिडीपासून कॉलेजच्या त्या लांब खोलीपाशी जाऊन थांबायचं, जिथे पहिल्या वर्षी पन्नास मुलंमुली मेणाचे ठोकळे घेऊन बसायची आणि कोरून कोरून त्यांतून दात काढायची.

तिला व्हायचं नव्हतं दातांची डॉक्टर. कुणालाच व्हायचं नव्हतं. त्या खोलीतल्या पन्नासांतले चाळीस जण दुसऱ्याच कुठल्या तरी दारावरून परत फिरलेले होते. दादा, तिचा मोठा भाऊ, तेव्हा खऱ्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि घरात ‘खरी’ हा शब्द तोंडात न घेताही सगळे तो बरोबर उच्चारायचे. निकाल लागला तेव्हा वडील पेपरची घडी करत म्हणाले होते, ‘चला, दातांची का होईना.’ पुढे तिचा दवाखाना चालायला लागल्यावर मात्र येईल त्या पाहुण्याला ते सांगायचे, ‘दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या मुलीचं भरतं!’ आणि स्वतःच इतके हसायचे की त्यांची कवळी, जी तिनंच केलेली होती, खालच्या हिरडीवरून हलायची. ती मेणाची खोली मात्र तिला पहिल्या दिवसापासून आवडली होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. डावीकडच्या खिडकीतून उजेड यायचा. मेणवाले सर बाकांमधून फिरायचे, खडूसारखी पांढरी बोटं मागे बांधून. दात म्हणजे पांढरा तुकडा अशी तिची समजूत होती. सर म्हणायचे, डोंगर बघा, दऱ्या बघा, पाणी कुठून वाहील ते बघा. तिच्या दाढेवरची मधली घळ शेवटाला जरा वळायची, कितीही सरळ काढायला गेली तरी. सरांनी ठोकळा उजेडात धरून पाहिला. ‘दाढेला शेपूट कशाला काढलंस?’ सगळा वर्ग हसला. पुढच्या खेपेलाही शेपूट निघालं. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर सरांनी नुसती मान हलवली. ‘राहू दे. हाताचा स्वभाव आहे तो.’

खरे दातही लागायचे शिकायला. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं काचेची बरणीभर दात आणायचे असत, काढून टाकलेले. ती आणि शिडी दुपारच्या उन्हात शहरभर दवाखाने पालथे घालायच्या. ‘दातांसाठी दातांच्या कण्या करतोय आपण,’ शिडी म्हणायची, आणि दोघी रस्त्यातच हसत सुटायच्या. मग वसतिगृहाच्या गच्चीवर वर्तमानपत्र पसरून दात निवडायच्या, तांदळातले खडे निवडावेत तसे. तिला त्यांचे आकार दिसायचे. ही वरची, ही खालची, ही तीन मुळांची. शिडी मात्र एखादा दात घेऊन बसून राहायची. ‘हा कुणाचा असेल गं? घासायचा नीट. तंबाखू नव्हता खात. पण एकाच बाजूनं चावायचा बघ.’ ‘तुला काय करायचंय?’ ‘काही नाही. पण कुणाचा तरी आहेच ना.’ वर्गातल्या कुणी पुढे श्रीमंतांच्या मुलांच्या दातांना तारा बांधल्या, कुणी टूथपेस्टच्या कंपनीत गेलं, एक जण गावोगावच्या शाळांतून मुलांचे दात तपासत फिरत असतो, एकानं सगळं सोडून रोपवाटिका काढली आणि तो सगळ्यांत सुखी दिसतो. शिडी मेलेल्यांकडे गेली. का, म्हणून विचारलं की म्हणायची, ‘जिवंत माणसं आ करायला फार कुरकुर करतात बाई.’ ती स्वतः कुठेच गेली नाही. एक जिना, त्यावर दोन खोल्या, एक खुर्ची, एक खिडकी. तेवीस वर्षं.

शुक्रवारी दुपारी तिनं एका कॉलेजकुमाराला खुर्चीत आडवं केलं. वरच्या उजव्या बाजूची दाढ होती. ती खुर्चीच्या उजव्या हाताला बसते, तेव्हा ती बाजू नीट दिसावी म्हणून ती रोज पंधरा वेळा म्हणते तेच म्हणाली, ‘तोंड जरा खिडकीकडे करा.’ मुलानं मान वळवली आणि तो खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहू लागला. तिचा हात हवेत थांबला. ‘काय झालं?’ मावशींनी विचारलं. काही नाही, असं ती म्हणाली. प्रूफवाल्या बाईही अशाच खिडकीतून बाहेर बघत होत्या. नऊ वर्षांपूर्वी, त्या दाढेत चांदी भरत असताना, अर्धा तास. तिला ते लख्ख आठवलं, कारण चूळ भरल्या भरल्या बाई पहिलं वाक्य बोलल्या होत्या ते हे, ‘समोरच्या घड्याळवाल्यानं पाटीवर दुरुस्तीचा रु दीर्घ काढलाय, डॉक्टर. अहो, दुरुस्तीतच चूक! अर्धा तास माझा जीव नुसता कासावीस झाला, आणि तोंडात तुमचे हात.’ निघताना त्या खरंच रस्ता ओलांडून त्या दुकानात गेल्या होत्या. खिडकीतून तिनं आणि मावशींनी पाहिलं होतं, बाई बोट वर करून काही समजावताहेत आणि घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून ऐकतोय.

बाई खिडकीतून बघत होत्या. खिडकी खुर्चीच्या डाव्या हाताला आहे. डावीकडची दाढ असती तर बाईंचं तोंड तिच्याकडे, म्हणजे उजवीकडे वळलेलं असतं. त्यांना पाटी दिसलीच नसती.

कॉलेजकुमाराची दाढ तिनं नेहमीपेक्षा जास्त काळजीनं भरली, मग बाहेर बसलेल्या दोघांना उद्या यायला सांगितलं. ‘मावशी, आपण जुन्या फिल्म टाकल्या ना?’ ‘कुठं टाकल्या? तुम्ही टाका म्हणालात, माझ्यानं टाकवल्या नाहीत. माळ्यावर आहेत की. बुटांच्या खोक्यांत.’ अकरा खोकी निघाली. दोघी जमिनीवर बसल्या. लहान लहान तपकिरी पाकिटं, त्यांवर मावशींच्या गोल अक्षरात नाव आणि तारीख. सहाव्या खोक्यात बाई सापडल्या. चांदी भरल्यावर वर्षभरानं शेजारच्या दाताला कळ येते म्हणून आल्या होत्या, तेव्हाचा एक्स-रे. नखापेक्षा थोडी मोठी काळी फिल्म. अशा फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक उंचवटा असतो, मोहरी चिकटावी एवढा. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला लागतो. तो उंचवटा आपल्याकडे आला की माणूस आपल्यासमोर बसलाय असं समजायचं आणि मग डावं-उजवं ठरवायचं. तिनं बोट फिरवलं, फिल्म उलटली, खिडकीशी धरली. लहान दाढा उजवीकडे, मोठ्या डावीकडे. तोंडाची उजवी बाजू. मधोमध चांदीचा पांढराशुभ्र ठिपका. कॉम्प्युटरवर कार्डाची प्रत होती. तिथे तिच्या स्वतःच्या अक्षरात, वळणदार, कुठेही न खोडलेला आकडा होता, सव्वीस. सव्वीस म्हणजे वरची डावी पहिली दाढ. वरची उजवी ती सोळा. एकाच्या जागी दोन आणि सहाच्या जागी सहाच. तिनं त्या दिवशी असं काय घडलं होतं ते आठवायचा फार प्रयत्न केला. वडील आजारी होते का? दादाशी भांडण? घाई होती? तारीख पाहिली, एक साधा बुधवार होता. काहीही घडलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, एवढं पहिल्या वर्षी शिकलेलं, आणि एका साध्या बुधवारी ती ते विसरली होती. बाईंनीच तिला कधीतरी सांगितलं होतं, ‘लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, डॉक्टर. डोळा फार लाडावलेला असतो. जे असायला हवं तेच तो वाचतो.’

शनिवारी सकाळी ती शिडीच्या विभागात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला वाटलं होतं तशी जागा ती नव्हती. कुंड्या होत्या, भिंतीवर वेळापत्रक होतं, कुणीतरी रेडिओ बारीक आवाजात लावला होता. शिडीनं फिल्म घेतली, उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, ‘कार्ड चुकलंय.’ ‘हो.’ ‘बस.’ शिडीनं फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली, शेजारी नव्यानं काढलेला एक्स-रे लावला आणि मुळांची वळणं, चांदीचा काठ, एकेक मोजत राहिली. बराच वेळ. ‘तुला बघायचंय?’ तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही. शिडीनं पांढऱ्या थाळीतला वरचा जबडा तिच्यासमोर ठेवला. तिनं मन घट्ट केलं होतं, पण मन घट्ट करण्यासारखं तिथे काही नव्हतं. कॉलेजच्या चार वर्षांत असं हजारदा हातात घेतलं होतं. मग तिनं वाकून पाहिलं. काळवंडलेल्या चांदीवर मधली घळ कोरलेली होती, आणि शेवटाला ती जरा वळत होती. शेपूट. तिला एकदम जाणवलं की आपण इथे होतो. या बाई घर विसरल्या, मुलीचं नाव विसरल्या, तळ्याच्या काठी गवतात पडून राहिल्या, पाऊस-ऊन झालं, आणि सगळा वेळ आपल्या हाताचं हे एवढंसं काम त्यांच्याबरोबर होतं. तिला रडू आलं नाही. तिनं फक्त मोजा काढून त्या दाढेला एकदा बोट लावलं. शिडीनं नियम मोडू दिला.

‘आता ऐक,’ शिडी म्हणाली. ‘मला हे लेखी लागेल. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं. कार्डावर दाताचा आकडा मी चुकीचा लिहिला, फिल्म मिळाली आणि चूक लक्षात आली. गुळमुळीत काही नको. आणि आणखी एक. उद्या कुणी विचारेल, हे चुकलं तर बाकीची कार्डं कशावरून बरोबर? डेंटल कौन्सिलकडे जाऊ शकतं हे. मी तुझी मैत्रीण म्हणून यातला एक शब्द कमी करू शकत नाही.’ ‘माहीत आहे.’ ‘नसतं सांगितलंस तरी कुणाला कळलं नसतं, हेही माहीत आहे ना?’ ‘म्हणून तर आले.’

व्हरांड्यात येऊन तिनं दादाला फोन केला. का केला, कोण जाणे. लहानपणी गुडघा फुटला की आधी दादाला दाखवायची सवय होती, तीच असेल. दादा आता मोठा हृदयाचा डॉक्टर आहे, त्याला फोन केला की आधी दोन मिनिटं संगीत ऐकू येतं. ‘लेखी काही देऊ नकोस,’ तो लगेच म्हणाला. ‘वेडी आहेस का? आकडा पुसट आहे, एक वाटतो की दोन ते सांगता येत नाही, असं म्हण. फिल्म दे, बाकी ते ठरवतील. ओळखही पटेल आणि तूही सुटशील. साप भी मरे...’ ‘पुसट नाहीये रे. स्वच्छ आहे. माझं अक्षर चांगलं आहे.’ ‘अगं, शेवटी एक दाढ आहे! माणूस दगावलाय का तुझ्या हातून?’ त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. एक दाढ. आयुष्यभर घरात तिच्या कामाचं वजन असंच व्हायचं. आणि खरं म्हणजे तिनंही ते वजन मनातल्या मनात मान्य केलं होतं, त्यात एक आराम होता. दादाच्या हातून चूक झाली तर माणूस जातो. आपल्या हातून झाली तर फार तर सूज येते. तेवीस वर्षं ती या आरामात राहिली होती. ‘दादा, त्या बाईंची मुलगी चार दिवस समजतेय की आई जिवंत आहे,’ ती म्हणाली. ‘माझ्या अक्षरामुळे.’  दादा म्हणाला, ‘मी येऊ का तुझ्याबरोबर?’ ‘नको.’ ती आत गेली आणि तिनं लिहून दिलं. सहा ओळी झाल्या. मजकूर दोनदा वाचला, मग शिडीला वाचायला दिला, कारण स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरला नव्हता.

पोलीस सोमवारी कळवणार होते. तिनं शिडीला विचारलं, मी आधी सांगितलं तर चालेल का. शिडी म्हणाली, ‘चालत नाही. पण जा.’

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मुलीनं दार उघडलं. पस्तिशीची, बससेवेच्या कंट्रोल रूममध्ये काम करणारी, कामावरून नुकतीच आलेली असावी, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. ‘डॉक्टर! या ना, या. मी तुम्हाला फोनच करणार होते. तुमच्या कार्डामुळे... मला खरंच तुमचे आभार मानायचे होते.’ तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांची झोप झालेली दिसत होती. टेबलावर छापून आणलेल्या पत्रकांचा नवा गठ्ठा होता, बाईंच्या फोटोचा, हरवल्याचा. शेजारी चष्मा. ‘दांडी तुटली होती याची, म्हणून घरीच राहिला. परवा नवीन बसवून आणली. आई आली की लागेल ना तिला.’ ती काही बोलणार तोच मुलीनं एक पत्रक तिच्या हातात दिलं. ‘वाचा. काही दिसतं?’ तिनं वाचलं. माहिती देणाऱ्यास ‘बक्षीस’ मधला क्षी ऱ्हस्व होता. ‘इथे चुकलंय,’ ती म्हणाली. ‘मुद्दाम,’ मुलगी म्हणाली. ‘आधीच्या सगळ्या पत्रकांतही केलंय. दर वेळी वेगळी चूक. आई माझं नाव विसरली होती, डॉक्टर, पण औषधाच्या बाटलीवरचं शुद्धलेखन शेवटपर्यंत दुरुस्त करायची. चुकीसमोरून तिला पुढे जाताच येत नाही. म्हटलं, कुठेतरी भिंतीसमोर थांबेल. कामावरून येताना मी रोज एकेक रस्ता करते, कुणी पेनानं खूण केलीय का बघत. मंगळवारी पोलिसांचा निरोप आला आणि मी आणखी पाचशे छापून आणली.’

तिला वाटलं, आपली दातखीळ बसलीय. हा वाक्प्रचार ती आयुष्यभर विनोदानं वापरत आली होती. मग ती म्हणाली, ‘कार्ड चुकलं होतं. माझ्याकडून. डावीकडची लिहिली, ती उजवीकडची होती. काल जुना एक्स-रे सापडला, आज सकाळी जुळवून पाहिला. त्या तुमच्या आईच आहेत.’ तिनं तयार करून आणलेली आणखी चार वाक्यं होती, ती तिनं उच्चारली नाहीत. मुलगी उभी होती ती हळूच खुर्चीवर बसली. तिनं पत्रकांचा गठ्ठा दोन्ही हातांनी सारखा केला, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. ‘डावं-उजवं?’ ‘हो.’ ‘म्हणजे मंगळवारी कळलं असतं.’ ‘हो.’ ‘मी बुधवारी ऑफिसात सगळ्यांना चहा दिला. काल गाणं म्हणत होते आंघोळीला.’ तिचा आवाज चढला नाही, तेच कठीण होतं. ‘तुम्हाला कल्पना आहे, सात महिन्यांनी मी...’ वाक्य तिथेच राहिलं. गठ्ठा बाजूला सारून ती म्हणाली, ‘तुम्ही आता जा.’ ती उठली. दारापाशी पोहोचली तेव्हा मागून आवाज आला, ‘नक्की?’ ‘नक्की. मी स्वतः पाहिलं. माझंच काम आहे ते, मी ओळखलं.’ ‘आणि मंगळवारीही नक्कीच होतं ना?’  ती जिना उतरली.

कौन्सिलचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. ताकीद होती, आणि सगळ्या नोंदी तपासून अहवाल द्यायचा होता. तो ती आधीच करायला बसली होती. दवाखाना बंद झाल्यावर ती आणि मावशी रोज एक खोकं घ्यायच्या, मावशी पाकीट उघडायच्या, ती फिल्मवर बोट फिरवायची. अकरा खोक्यांत आणखी दोन चुका निघाल्या. दोघांनाही तिनं फोन केला. एक बाई घाबरल्या, त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला. दुसरे गृहस्थ म्हणाले, ‘अहो, दात माझ्या तोंडात आहे ना? मग झालं तर!’ दादा एका रविवारी आला, न सांगता, आणि खोक्यांमध्ये मांडी घालून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘मला शिकव ना, ते उंचवट्याचं.’ तिनं त्याचं बोट धरून फिल्मच्या कोपऱ्यावर ठेवलं.

मुलगी आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, एका दुपारी, वेळ न ठरवता. मावशींनी बाहेरून खुणावलं. ती हात पुसत बाहेर आली. ‘दुखत काही नाही,’ मुलगी म्हणाली. ‘माझं कार्ड करायचंय. मी एकटी राहते आता. आणि माझंही रक्ताचं कुणी नाही.’ दुसऱ्या डॉक्टरकडे का नाही गेलात, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं विचारलं नाही. मुलीला आडवं केलं, दिवा खाली ओढला, आरसा घेतला. एकेक दात बघितला. प्रत्येक दातापाशी थांबून लिहिलं. वीस मिनिटं लागली, नेहमी पाच लागतात. मग मुलगी उठून बसली, चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘आता मोठ्यानं वाचा.’ ‘काय?’ ‘कार्ड. प्रुफं अशीच बघतात. मूळ कागद एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेलं बघायचं. शाळेत असताना मी वाचायचे आणि आई बघायची. स्वल्पविरामसुद्धा म्हणायला लावायची.’ मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं कार्ड उजेडात धरलं. मुलीनं डोळे मिटले.

‘वर, तुमच्या उजव्या हाताकडून,’ ती वाचू लागली. ‘अक्कलदाढ नाही. दुसरी दाढ, चांगली. पहिली दाढ, मधे बारीक काळी रेघ, भरलेलं काही नाही.’ मिटलेल्या ओठांआड मुलीची जीभ हळूच त्या त्या जागी जाऊन येताना गालावरून दिसत होती. प्रत्येक दाताला ती मान हलवायची, आणि मगच पुढचा. सुळा. पुढचे चार. डावा सुळा. वरची ओळ संपली, खालची सुरू झाली. एकदा मुलीनं हात वर केला. ‘थांबा. हा परत.’ ती थांबली. पुन्हा वाचलं, अधिक सावकाश. मुलीची जीभ तिथे गेली, थांबली. ‘हं. बरोबर आहे,’ मुलगी म्हणाली. ‘पुढे.’ शेवटी ती म्हणाली, ‘एकूण अठ्ठावीस. अक्कलदाढा चारही नाहीत.’ मुलीनं डोळे उघडले नाहीत. पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ‘आई म्हणायचीच,’ ती म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. हसू आधी आलं की रडू ते दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. ती खुर्चीशेजारच्या आपल्या स्टुलावर बसून राहिली. दिवा तिनं हातानं जरा बाजूला केला, मुलीच्या डोळ्यांवर येत होता म्हणून.